माईक चालूच राहिला

बारावीत होते तेव्हाची गोष्ट. कॉलेजच्या सेवा योजनेचे तास भरायचे बाकी होते, दुसऱ्या दिवशी जीवशास्त्राची चाचणी, आणि त्यातच संकष्टी चतुर्थी आली. जाफराबादहून जीपनं आम्हाला राजूरला नेलं. गणपतीच्या दर्शनाला ही गर्दी! कुणाला पाणी वाटायला लावलं, कुणाला रांग सांभाळायला. सरांनी माझ्याकडं बोट केलं. "तुझा आवाज खणखणीत आहे. तू माईकवर बस."

मला तर नाचावंसं वाटलं! पुस्तक काखोटीला मारून मैत्रिणीला ओढतच मंडपात नेलं.

थोड्या वेळानं वडीगोद्रीच्या एक आजी आल्या. "माझा पोरगा हरवला," म्हणाल्या. पोरगा चाळिशीचा होता. मी पुन्हा पुन्हा पुकारलं, पण त्या गलबल्यात माझं कोण ऐकणार? आजींना चहा दिला. मैत्रीण म्हणाली, "तोवर अभ्यास करू. सांग, फुफ्फुसातून आलेलं रक्त हृदयात आधी कुठं जातं?"

"उजव्या कर्णिकेत!" मी ठासून सांगितलं.

बाहेर रांगेतून एक बाई ओरडल्या, "डाव्या गं, डाव्या!" आणि अख्खी रांग हसली. माईक चालूच होता!

मैत्रिणीनं तोंडावर ओढणी घेतली. माझे कान तापले. पण आत्ता सगळे आपलंच ऐकताहेत, हे लक्षात आलं आणि मी माईक तोंडाशी ओढला. "डाव्या कर्णिकेत! चुकलं माझं. आणि वडीगोद्रीच्या आजी इथं मंडपात बसल्यात, हिरवं लुगडं. त्यांच्या मुलानं जल्दी यावं!"

मुलगा पळतच आला. "मघापासून आवाज येत व्हता, पण ध्यान गेलं न्हाई. लोक हसले, मंग कान दिला."

"कुठं गेल्तास रे?" आजी त्याच्यावर खेकसल्या आणि मैत्रिणीकडं वळल्या. "इचार की अजून तिला. बरं वाटून राह्यलं ऐकायला."

तेवढ्यात सर धावत आले. आता माईक काढून घेतात, असं वाटलं. पण हसू दाबत ते म्हणाले, "चालू ठेव. फक्त उत्तरं बराबर दे."

दुपारभर मग एक पुकारा, एक प्रश्न. कधी मी उत्तर द्यायचे, कधी माझ्याआधी रांगच द्यायची. दुसऱ्या दिवशी चाचणीला बसले तेव्हा घसा पार बसला होता, पण पेन काही थांबायला तयार नव्हतं.