नाव सोडून सगळं

"उभी राहा ना गं, लाजतेस काय?" मॅडम स्टेजवरून माईकमध्ये म्हणाल्या. "माझ्या लेखातली ती मुलगी आज इथे आलीय. आईसोबत."

दादरचा हॉल. सगळ्या माना वळल्या. आईने पदर तोंडावर ओढला.

मॅडम पेपरात लिहितात. त्यांच्या लेखाला बक्षीस होतं. बोलावताना म्हणाल्या होत्या, तुझ्या शिक्षणाला मदत करणारी माणसं भेटतील, या.

माझे वडील एड्सने गेले. आईलाही तोच आजार, गोळ्या चालू आहेत. मॅडम परळला आमच्या खोलीवर आल्या तेव्हा आईने एकच अट घातली. आम्ही कोण, ते कुणाला कळता कामा नये. "ताई, विश्वास ठेवा," म्हणाल्या. पोळी-भाजी खाऊन गेल्या.

छापून आलं. खाली बारीक अक्षरात, 'नाव बदललं आहे.' वर मात्र परळची चाळ, तिसरा मजला, घरोघर पोळ्या देणारी विधवा, बारावीतली मुलगी. अशी बाई चाळीत एकच.

आठवड्यात पोळ्या बंद. नळावर शेजारीण आईसमोरच बोलली, "शी! हिच्या हातचं खाल्लं आपण." जेवणातून हा आजार होत नाही, हेही त्याच लेखात होतं. ते कुणी वाचलं नाही.

आईने फोन केला. मॅडम म्हणाल्या, "अहो, नाव दिलंय का मी? तपशील नसले तर वाचणार कोण?"

आणि आता, उभी राहा.

राहिले. म्हटलं, "नाव सोडून सगळं दिलंत. चाळ दिलीत, मजला दिलात. माझ्या आईला उघडी पाडलीत."

टाळ्या पडल्या. टाळ्या! मॅडमनीही वाजवल्या. "बघा, किती धीट!" फोटोग्राफर पुढे सरकला. मी त्याच्या कॅमेऱ्यावर पंजा ठेवला. आईला घेऊन बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी वकीलबाई गाठल्या. त्या म्हणाल्या, संमतीशिवाय हा आजार उघड करायला कायद्याने बंदी आहे. कोर्टात तुमची नावं झाकून ठेवता येतील.

नोटीस गेली तशा मॅडम दारात. "बाळा, माझी नोकरी जाईल गं. निदान माझं नाव तरी बाहेर येऊ देऊ नकोस."

मी दार लावून घेतलं.

तक्रारीत मॅडमचं नाव मी माझ्या हाताने लिहिलं. तिचं, तिच्या बापाचं, आडनावासकट. खोडणार नाही.