गोठ्यातली कपबशी

होस्टेलचे जुने दोस्त प्रताप नगरात माझ्या घरी जमले की थाबोचे किस्से निघतातच. एकाचा संपत नाही तर दुसरा तयार! सगळे पोट धरून हसतात. मीही हसतो, पण आतून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

*

सत्तरच्या दशकातली गोष्ट. थाबो लेसोथोहून बीए करायला नागपूरला आला आणि आमच्याच खोलीत राहिला. पहिल्याच दिवशी आम्ही अ‍ॅटलास काढला. देश काही सापडेना! शेवटी त्यानंच दक्षिण आफ्रिकेच्या बरोब्बर पोटात बोट ठेवलं. चारी बाजूंनी परका मुलूख, समुद्र कुठंच नाही.

कामठीचा वासुदेव म्हणाला, "हा देश हाये का मोहल्ला गा?"

थाबोनं शांतपणे सांगितलं की आमचा राजा आहे, इंग्रज गेल्यावर आमचा झेंडा लागला. त्या दिवसापासून आम्ही त्याला 'राजासाहेब' म्हणू लागलो. त्याला ते आवडतं का, हे कोणी विचारलं नाही.

*

एकदा तो म्हणाला, आमचे पंतप्रधान निवडणूक हरायला लागले, तर त्यांनी राज्यघटनाच बाजूला ठेवली, विरोधकांना आत टाकलं. आम्ही हसून लोळलो. काय देश आहे राव!

पुढं आपल्याकडे आणीबाणी आली. सकाळी रेडिओभोवती आम्ही सगळे चिडीचूप. थाबो हसला नाही. सगळ्यांसाठी चहा सांगून आला.

*

त्याच्या गावात पोरं गुरांमागे जायची आणि पोरी शाळेत. त्याला अक्षरं शिकवली मोठ्या बहिणीनं, तो दहा वर्षांचा झाल्यावर. वासुदेवानं त्याला आठवडाभर 'गुराखी' म्हणून छळलं. मीही साथ दिली. माझ्या बहिणीला, शांताला, चौथीतून काढून निंदणाला लावलं होतं. हे मी खोलीत कोणाला सांगितलं नव्हतं.

*

थाबोला घरी जायचं तर दक्षिण आफ्रिकेतूनच जावं लागे. तिथं गोऱ्यांची तिकिटाची खिडकी वेगळी, बाक वेगळा, नळ वेगळा. ऐकून आमचं रक्त तापलं. मेसमध्ये निषेधसभा घेतली. भाषण मी ठोकलं! माणसानं माणसाला पाण्याचा वेगळा पेला द्यावा, ही कसली माणुसकी, असं म्हणालो. टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जास्त वेळ थाबोनं वाजवल्या.

*

त्याच वर्षी पोळ्याला मी त्याला मौद्याजवळच्या आमच्या गावी नेलं. गुरांतला माणूस, सरळ अंगणातल्या बैलांपाशी गेला आणि शिंगं रंगवायला बसला. आई मला दारात अडवून म्हणाली, "कोन जात हाये रे याची?"

"याले जातच नाही, आई."

"मंग त घरात नोको आनू."

गोठ्यात खाट टाकली. तिथल्या कोनाड्यात गड्यांची वेगळी कपबशी असायची. त्यातच त्याला चहा दिला.

थाबोनं चहा घेतला आणि मला बाबांना सांगायला लावलं की आमच्याकडे गावाच्या मुखियाची सभा गुरांच्या वाड्यापाशीच भरते, तिथं बसवलं म्हणजे मोठा मान. मी मान खाली घालून सांगितलं. बाबा खूश झाले.

मग तो उठला. कपबशी स्वतः विसळली आणि कोनाड्यात पालथी घालून ठेवली, आमचे गडी ठेवायचे तशीच. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

परतताना बसमध्ये त्यानं खिडकीशी जागा घेतली. मग म्हणाला, "मेसमधलं तुझं भाषण मला फार आवडलं होतं."