बावीस चुका आणि एक पत्ता

शाळेतली पोरं त्यांना पाठीमागे स्पेलिंगबाई म्हणत, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. सतरा वर्षं इंग्रजी शिकवल्यावर काहीतरी टोपणनाव चिकटायचंच, खडूसबाईपेक्षा हे बरं, असं त्या स्टाफरूममध्ये हसून सांगायच्या. त्यांच्या घरात इंग्रजी बोलणारं कुणी नव्हतं. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, आई चार बुकं शिकलेली. बाई इंग्रजी शिकल्या त्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, जुन्या वह्यांवरून. ताई एका वर्षाने मोठी, वर्गात कायम पहिली. पण नववीनंतर तिची शाळा सुटली, ती शिलाई मशीनवर बसली आणि तिच्या शिवणावर धाकटीचं शिक्षण पार पडलं. ही गोष्ट घरात कुणी बोलून दाखवत नसे. पण बाई ती विसरल्या नव्हत्या.

एक्केचाळिसाव्या वर्षी बाईंनी पीएचडीला नाव घातलं. उपयोजित भाषाविज्ञान, म्हणजे भाषेचं जे शास्त्र वर्गात, दवाखान्यात, कचेरीत उपयोगी पडतं ते. बाईंच्या मनात विषयही तयार होता. मुलांना इंग्रजीत नक्की काय सांगायचं असतं, आणि वाचणाऱ्याला ते कितपत पोचतं? सतरा वर्षांच्या वह्यांमधून उगवलेला प्रश्न होता तो.

मार्गदर्शक सरांनी तो अर्धाच ऐकला. सरांना विद्यार्थी साचेसर म्हणत, कारण त्यांच्या हाताखालून निघालेले चौदाच्या चौदा प्रबंध एकाच साच्यातले होते. ‘नववीच्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांतील चुका’. फक्त गावाचं नाव निराळं. कपाटात सगळे एका रंगाच्या बांधणीत, शिस्तीत उभे.

“बाई, इंग्रजी काय आपल्या आईची भाषा आहे?” सर म्हणाले. “ज्यांची आहे त्यांनी अर्थाबिर्थाचं बघावं. आपण चुका मोजाव्यात. चुका मोजायला पुस्तक पुरतं. गाव बदललं की विषय नवा.”

“पण सर, चौदा जणांनी तेच केलंय.”

“म्हणूनच तर पास झाले.”

ऐकून घ्या! जन्मभर ज्या भाषेवर माणसाने पोट भरलं, त्या भाषेबद्दल विचार करायची त्याला परवानगी नाही. त्याने आपल्यासारख्याच, आपल्याहून लहान माणसांच्या चुका वेचत फिरायचं, आणि त्या वेचून झाल्या की त्यालाच डॉक्टर म्हणायचं. बाईंना तेव्हाच उठून यायला हवं होतं. पण नोकरी, घर, नोंदणीची मुदत, आणि नवऱ्याचं “डिग्री घे आणि मोकळी हो”. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय. त्यांनी मान डोलावली.

मग त्यांनी आपल्याच नववीच्या वर्गाकडून ‘माझी इच्छा’ या विषयावर निबंध लिहून घेतले. बासष्ट मुलं, बासष्ट कागद. तीन रविवार बसून लाल पेनने खुणा केल्या, प्रत्येक खुणेला रकाना दिला, बेरीज आली अकराशे त्रेचाळीस. साचेसर खूष झाले. “नमुना झकास आहे. आता मांडणीसाठी हे बघा,” म्हणून त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून एक जाडजूड बाड काढून दिलं. तो त्यांचा स्वतःचा प्रबंध होता, सत्तावीस वर्षांपूर्वीचा. सगळ्या साच्यांचा मूळ साचा.

शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर बाई रिकाम्या स्टाफरूममध्ये ते बाड घेऊन बसल्या. कोष्टकं पाहिली, आलेख पाहिले, शेवटी परिशिष्ट उघडलं. तिथे मुलांचे निबंध जसेच्या तसे छापले होते, नावाऐवजी क्रमांक घालून. यांचाही विषय ‘माझी इच्छा’च. बाईंनी पानाच्या वरच्या टोकाला शाळेचं नाव वाचलं आणि त्या हसल्या, कारण ती त्यांचीच शाळा होती, शिकल्या ती आणि आता शिकवत होत्या तीही. त्यांना तेव्हा शाळेत आलेले पाहुणेही आठवले. सफारी घातलेला एक तरुण माणूस नववीच्या वर्गात शिरला होता, आणि आठवीतल्या पोरींनी खिडकीतून डोकावून पाहिलं होतं. त्याने नववीतल्या प्रत्येकाला नवं बॉलपेन दिलं होतं. ताई ते पेन मिरवत घरी आली होती. नंतरचे कितीतरी दिवस संध्याकाळी दार वाजलं की शिवण टाकून तीच उठायची. आई विचारायची, “कुणाची वाट बघतेस गं?” ताई म्हणायची, “कुणाची नाही.”

विद्यार्थी क्रमांक सदतीस. एकूण चुका बावीस. मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं त्याचा अर्थ असा:

“मला दहावीला बसायची इच्छा आहे. वडील म्हणतात, या परीक्षेनंतर शाळा बंद. धाकटी शिकेल, मी मशीनवर बसेन. मी वर्गात पहिली आहे. सर, तुम्ही सांगितलं की मनातलं लिहा, म्हणून लिहिते. तुम्ही घरी येऊन बोललात तर वडील ऐकतील. शाळेच्या फाटकातून उजवीकडे वळा. बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला धरून शेवटपर्यंत या. हातपंपापाशी डावीकडे. तिसरं घर, निळं दार. सहानंतर वडील घरी असतात.”

बाईंनी ते पुन्हा वाचलं. निळं दार. ते दार बाईंनी स्वतः वडिलांबरोबर रंगवलं होतं.

त्यांनी चौथं प्रकरण काढलं. तिथे क्रमांक सदतीसचा खास उल्लेख होता. ‘ही विद्यार्थिनी साधा पत्ता सांगतानाही दिशादर्शक शब्दांत चुकते, हे उदाहरण बोलकं आहे.’

बोलकं! एक चौदा वर्षांची पोर कागदातून हाका मारत होती, आणि हा शहाणा तिच्या हाकेत शब्दयोगी अव्ययं तपासत बसला होता. बावीस खुणा करायच्या म्हणजे त्याने तो निबंध बावीस वेळा तरी पाहिला असणार. बावीस वेळा पाहून एकदाही वाचला नाही! आणि त्याच कागदाच्या जोरावर त्याला पदवी मिळाली, खुर्ची मिळाली, चौदा चेले मिळाले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाड टेबलावर आदळून त्या उभ्या राहिल्या, आणि उभ्या राहिल्यावर त्यांना आपलीच पिशवी दिसली. पिशवीत बासष्ट कागद होते.

त्या खाली बसल्या आणि पहिल्यापासून वाचू लागल्या. या वेळी पेन हातात घेतलं नाही. कुणाला सायकल हवी होती, कुणाला बाप लवकर घरी यायला हवा होता. एकोणिसाव्या कागदावर शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने लिहिलं होतं, मला फळा दिसत नाही, सांगायची लाज वाटते, म्हणून मी शेजारणीचं बघून लिहिते, बाई रागावतात. खाली बाईंच्याच लाल अक्षरात आकडा होता, पंधरा. त्याच आठवड्यात बाईंनी त्या मुलीला कॉपी करते म्हणून बाकावर उभं केलं होतं.

साचेसरांवरचा राग सोपा होता. हा राग कुठे ठेवायचा ते बाईंना कळेना. सोमवारी त्यांनी मुलीला पहिल्या बाकावर आणून बसवलं, मधल्या सुट्टीत तिच्या आईला फोन केला, डोळे तपासून घ्या म्हणून सांगितलं. मुलीने विचारलं, “बाई, तुम्ही वाचलंत?” बाईंनी फळ्यावर तारीख लिहिली, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात.

विषय मान्य करणारी समिती गुरुवारी बसायची होती. बुधवारी बाईंनी एक उद्योग केला. शाळेत खेळाचे सर नवीन आले होते, परगावचे, गावाची माहिती शून्य, इंग्रजी बेताचं. बाईंनी क्रमांक सदतीसचा निबंध हाताने उतरवून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “सर, एवढ्यावरून ते घर शोधून दाखवा.” अकरा मिनिटांनी फोन आला. “बाई, बर्फाचा कारखाना बंद पडलाय पण भिंत आहे. पंपाचं नुसतं खोड उरलंय. तिसऱ्या घराचं दार हिरवं आहे, पण खरवडलंय तिथे खालून निळा दिसतो. कुणाला बोलवायचंय का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “आता उशीर झाला.”

समितीच्या खोलीत लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि चार माणसं. साचेसर मधोमध. त्यांच्या उजवीकडे बाहेरून आलेले तज्ज्ञ, जे दोन वर्षं परदेशात राहून आले होते आणि पुढच्या वीस वर्षांत ते सांगायला एकदाही विसरले नव्हते. बाईंनी इंग्रजीत पहिलं वाक्य उच्चारलं आणि तज्ज्ञांनी हात वर करून त्यातल्या एका शब्दाचा उच्चार सुधारला. बाईंनी सुधारलेला उच्चार म्हणून दाखवला आणि पुढे बोलत राहिल्या. विषय त्यांनी बदलला होता. विभागाच्या प्रबंधांच्या परिशिष्टांत मुलांनी काय सांगितलं होतं, आणि मोजणाऱ्यांनी त्यातलं काय वाचलं.

साचेसर एकदम मराठीवर आले. “हे काय आता? चुकांचं ठरलं होतं ना आपलं?”

तज्ज्ञ म्हणाले, “शिवाय अर्थ पोचला की नाही हे ठरवणार कोण? तुम्ही काही मातृभाषक नाही. एखाद्या इंग्रज माणसाचं मत जोडावं लागेल.”

“इंग्रज माणूस आणून काय होणार?” बाईही मराठीतच बोलल्या आणि उतरवलेला निबंध टेबलावर ठेवला. “बावीस चुकांचा हा पत्ता आहे. काल एक परका माणूस हा कागद हातात धरून अकरा मिनिटांत त्या दारापाशी पोचला. त्याला इंग्रजी तुमच्याइतकं येत नाही. बहुतेक म्हणूनच पोचला.”

साचेसरांनी कागद ओढून घेतला. खालचा क्रमांक पाहिला. “हा माझ्या प्रबंधातला आहे.”

“हो सर. ती माझी ताई. तुम्ही सांगितलंत मनातलं लिहा, तिने लिहिलं. ती तुमची वाट बघत होती.”

सरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. “बाई, माझा नमुना पाचशे चाळीस मुलांचा होता. पाचशे चाळीस घरी जाणार होतो का मी?”

“पाचशे चाळीसांनी बोलावलं नव्हतं सर. एकीने बोलावलं होतं.”

“मी संशोधन करत होतो, समाजसेवा नाही!” सरांचा आवाज चढला. “आणि हा विषय माझ्या सहीने जाणार नाही. गुरूवरच उलटायचं, ही कुठली रीत?”

समितीने पाच मिनिटांत निर्णय दिला. विषय अमान्य. तीस दिवसांत दुसरा विषय, किंवा सही करणारा दुसरा मार्गदर्शक आणावा, नाहीतर नोंदणी रद्द. तज्ज्ञांनी जाताजाता पुन्हा तो उच्चार करून दाखवला. चोर तो चोर, वर शिरजोर, असं बाईंच्या जिभेवर आलं होतं, पण त्या नुसत्या दार ओढून बाहेर पडल्या. दार जरा जोरातच लागलं.

तिथून त्या सरळ ताईच्या दुकानात गेल्या. दहा बाय आठचा गाळा, दोन मशीन, भिंतीवर अर्धे शिवलेले झगे. ताई काजं करत होती. धाकटीचा चेहरा पाहून तिने सुई कापडात खोचली. “काय गं? विषय दिला का त्यांनी?”

“नाही दिला. महिन्याची मुदत आहे. मी विषय बदलणार नाही. सही करणारा कुणी तरी शोधेन.”

“अगं, मग त्यांचा घे की त्यांचा विषय. एवढी वर्षं थांबलीस.”

बाईंनी पर्समधून परिशिष्टाच्या पानाची झेरॉक्स काढून कापायच्या टेबलावर ठेवली. ताईने चष्मा वर सरकवला. पहिल्या ओळीलाच ती थांबली, मग बोट ठेवून एक एक शब्द वाचत गेली, कडेच्या खुणांसकट, खालच्या आकड्यासकट. वाचून झाल्यावर तिने कागदावर पडलेले धाग्याचे तुकडे हाताने झाडले.

“हे त्यांना मिळालं होतं तर,” ती म्हणाली. “मला वाटायचं, वाटेत हरवलं असेल.” मग तिने पुन्हा त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि सत्तावीस वर्षांपूर्वीची वर्गातली पहिली मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, “बावीस. फारच झाल्या गं. म्हणूनच आले नसतील ना ते?”

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, काउंटरची काच खडखडली.

“नाही ताई,” बाई म्हणाल्या. “घर सापडण्याइतकं तू बरोबर लिहिलं होतंस.”