तीन वेण्या

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या त्या भागात मुसलमान घरातली बाई गेली की पहिला फोन जुलेखा परकारला जायचा. मयताला गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ घालायची, कापूर लावायचा, केसांच्या तीन वेण्या घालायच्या, कफन गुंडाळायचं. अर्ध्या गल्लीच्या आयांना आणि सासवांना तिनेच असं मायेने पाठवलं होतं. तिचे यजमान कासमभाई मूळचे रत्नागिरीकडचे, इथे जन्मभर बस चालवलेले. मनाने सरळ, तोंडाने फटकळ.

दोन वर्षांपूर्वी मशिदीत शनिवारी तरुणांना शिकवायला एक नवे मौलाना येऊ लागले. गोड बोलून विष कालवण्यात पटाईत. शेजाऱ्याला दिवाळीच्या शुभेच्छा देणं पाप, बॉम्बस्फोटात मेलेल्यांसाठी हळहळणं त्याहून मोठं पाप. कमिटीतल्या सगळ्यांना हे कळत होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते. एका शुक्रवारी नमाज संपल्यावर कासमभाई उभे राहिले. म्हणाले, "हा माणूस आपल्या पोरांना द्वेष शिकवतोय. आपला दीन, आपला धर्म हा नाही. याला घालवा."

भर जमातीत, सगळ्या नमाज्यांसमोर विषय निघाल्यावर कमिटीचा नाइलाज झाला. मौलाना गेले, पण कासमभाई पोलिसांचे खबरी ठरले. पोलीस ठाण्याची पायरीही न चढलेला हा माणूस. त्यांच्या सलामाला उत्तर येईनासं झालं. बसस्टॉपवर त्यांची दाढी पाहून दूर सरकणारे गोरे होतेच. त्यांना यातलं काय ठाऊक असणार?

जुलेखालाही फोन येणं थांबलं. भाकरी थापताना ती एकदाच बोलली. "तुम्ही बोललात ते बरोबरच होतं. पण एकाने तरी तुमच्या बाजूने उठायला हवं होतं."

यंदा जानेवारीत ती गेली. मूलबाळ नव्हतं. तिच्या हाताखाली शिकलेल्या बायकांना कासमभाईंनी फोन लावले. एकीचे गुडघे दुखत होते, एक लेकीकडे मँचेस्टरला होती, बाकीच्यांनी फोन उचललाच नाही. नाही असं कोणीच म्हणालं नाही, हीच तर खरी हुशारी.

कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. त्यांच्यात नवरा बायकोला गुस्ल देऊ शकतो. कासमभाई एकटेच मशिदीतल्या गुस्लच्या खोलीत गेले. कोमट पाणी घातलं, कापूर लावला. अडले ते केसांशी. जन्मात त्यांनी कधी वेणी घातली नव्हती. पेड पुन्हा पुन्हा सुटत होते. कशाबशा तीन वेण्या झाल्या, वाकड्यातिकड्या. तिने पाहिल्या असत्या तर उलगडून परत घातल्या असत्या. तेव्हा मात्र त्यांना रडू आवरलं नाही.

जनाज्याच्या नमाजेला मशीद भरली होती. नमाज झाल्यावर कमिटीचे अध्यक्ष जवळ आले आणि हळूच म्हणाले, "कासमभाई, त्या दिवशी तुमचं बरोबर होतं. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं."

कासमभाईंनी जनाज्याला खांदा दिला. म्हणाले, "हे तिला ऐकायचं होतं."