फोनची क्रेन, वायरची क्रेन

गरगरकाकू हे नाव मुलांनी ठेवलेलं. काकूंना ते आवडायचं, कारण खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता मोजकीच उरली होती आणि तीही बहुधा काहीतरी काम सांगायलाच हाक मारायची.

त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे खेळण्यांचं वाचनालयच. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर डबे, डब्यांत भोकाभोकांच्या पट्ट्या, दातेरी चाकं, दांडे आणि कप्प्या. मोटरींचा डबा मात्र वेगळा, पत्र्याचा. मुलं यायची, डबा घरी न्यायची, जोडायची, मोडायची आणि परत आणून द्यायची. काकूंचा नियम एकच होता. "मोडा बिनधास्त, पण हरवू नका. मोडलेलं जोडता येतं, हरवलेलं कुठून आणू?"

पूर्वी याच खोलीत सासऱ्यांचं दुकान होतं. पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप, जे काही फिरायचं थांबलं असेल ते तिथे यायचं आणि सासरे त्याच्या मोटरीची तार नव्याने गुंडाळून द्यायचे. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना स्वयंपाक धड येत नव्हता. सासरे म्हणाले, "पोळी नाही जमत तर राहू दे, ही तार गुंडाळून बघ." केसासारखी बारीक तांब्याची तार. काकूंनी ती न तुटता शेवटपर्यंत गुंडाळली, आणि त्या दिवसापासून त्यांची जागा चुलीपुढून हलली ती कायमची. पुढे सासरे गेले, नवरा गेला, दुकान काकूंनी एकटीने चालवलं. मग लोक पंखा दुरुस्त करण्याऐवजी नवा घ्यायला लागले, आणि इकडे काकूंनाही ती तार नीट दिसेनाशी झाली. दोन्ही गोष्टी बरोबरच झाल्या हे बरं, असं त्या म्हणायच्या. एकीसाठी रडत बसलं की दुसरी विसरायला होतं.

खेळण्यांचं खूळ शिरलं ते एका गिऱ्हाइकामुळे. जोडणीच्या खेळण्याचा एक डबा, मोटर बंद पडली म्हणून, तो माणूस ठेवून गेला आणि परत फिरकलाच नाही. काकूंनी मोटर दुरुस्त करून डबा पायरीवर ठेवला. थोड्या वेळाने बघतात तर गल्लीतल्या मुलांनी त्यातून एक भलतंच यंत्र बनवलेलं. ते काय आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण ते गरगर फिरत होतं आणि मुलं खुशीत होती. मग काकू लोकांकडून जुने डबे मागू लागल्या, आणि आपापल्या घरातली अडगळ द्यायला कुणाची ना नसते.

काकूंची मोटर अगदी साधी. सेलची एक डबी, तिच्यावर एक खटका. खटका पुढे केला की मोटर सुलट फिरते, मागे केला की उलट, मध्ये ठेवला की गप्प. त्याहून अधिक काही असू नये, असं काकूंचं ठाम मत होतं.

म्हणून जावयाने नवीन संच आणला तेव्हा त्यांचं तोंड वाकडं झालं. जावई संगणकावर काम करणारा, मनाने चांगला, सासूबाईंना काहीतरी द्यावं म्हणून धडपडणारा. त्याने हौसेने डबा उघडला. आत दोन मोटरी आणि एक गुळगुळीत पांढरी पेटी होती. खटका कुठेच नव्हता.

"हे चालू कसं करायचं?" काकूंनी विचारलं.

"फोनवरून, आई. ॲप उतरवून घ्यायचं. वेग कमीजास्त करता येतो, दोन्ही मोटरी एका वेळी चालतात."

ॲप उतरवून झालं. मग ॲपने ईमेल मागितला, पासवर्ड मागितला, वय विचारलं. काकू हाताची घडी घालून बघत होत्या.

"जावईबापू, मुलीचं लग्न ठरवताना आम्ही तुमची एवढी चौकशी केली नव्हती."

जावई हसला, पण थोडा खट्टूही झाला. त्या संचातून जोडलेली क्रेन मात्र सुरेख चालली. पडद्यावर बोट सरकवलं की हळू, आणखी सरकवलं की जोरात. मुलं तुटून पडली. पण थोड्याच वेळात काकूंच्या लक्षात आलं की ज्याच्या हातात फोन तो राजा झालाय आणि बाकीची प्रजा त्याच्या खांद्यावरून डोकावतेय. पट्ट्यांकडे कुणी बघेना. काकूंनी संच डब्यात भरला आणि कपाटात सगळ्यात वर ठेवून दिला. जावयाने पुढच्या वेळी विचारलं तर म्हणाल्या, "नीट ठेवलाय हो." ते खोटं नव्हतं.

अशात एका दुपारी बसताई आल्या. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवण्या-उतरवण्याचं त्यांचं काम, त्यामुळे सगळ्या गल्ल्या त्यांना ताई म्हणायच्या. त्या दारातच घुटमळल्या.

"काकू, मोठ्या माणसाला देता का हो खेळणं?"

"माझ्याहून मोठा आहे का तो?" काकू म्हणाल्या. "बसा आधी."

बसताईंचे यजमान क्रेन चालवायचे. उंच इमारतींच्या कामावरची ती मनोऱ्यासारखी क्रेन. दिवसभर ढगात बसून ते लोखंड वर घ्यायचे. मागच्या वर्षी शिडीवरून उतरताना पाय निसटला आणि मानेची नस दबली. पाय गेले, उजवा हात गेला. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट तेवढं हलतं, तेही जेमतेम.

"जीव वाचला म्हणून मी पेढे वाटायला निघाले होते," बसताई म्हणाल्या. "पण माणूस बोलतच नाही, काकू. विचारलं तर हो किंवा नाही. नाहीतर खिडकीतून समोरच्या इमारतीची क्रेन बघत बसतात. मला वाटलं, एखादी छोटी असली तर..."

काकूंनी पत्र्याचा डबा काढला आणि दुसऱ्याच दिवशी बसताईंच्या घरी जाऊन क्रेन उभी केली. क्रेनवाले खुर्चीत बसून बघत होते. काकूंनी सेलची डबी त्यांच्या हाताशी ठेवली. त्यांनी अंगठा खटक्यावर टेकवला आणि जोर लावला. खटका हलला नाही. पुन्हा लावला. कपाळावर घाम आला, पण खटका होता तिथेच.

"राहू दे," ते म्हणाले, आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

काकू घरी आल्या. संध्याकाळी स्टूल घेऊन कपाटातला वरचा डबा खाली काढला, धूळ पुसली आणि जावयाला फोन लावला. "तुमचं ते फोनचं प्रकरण चालू करायला या. आणि माझी चौकशी करू नका."

जावयाने एका शब्दाने विचारलं नाही, हे काकूंनी मनात नोंदवून ठेवलं. बसताईंच्या घरच्या क्रेनला नव्या मोटरी बसवून त्याने ताईंच्या फोनवर ॲप चढवलं आणि फोन क्रेनवाल्यांच्या मांडीवरच्या उशीवर ठेवला. त्यांनी अंगठा टेकवला. जोर लावायचा प्रश्नच नव्हता. क्रेनचा हात हळूच वळला, हूक खाली आला, पुन्हा वर गेला. मग त्यांनी हुकाला अडकवलेलं पाण्याच्या बाटलीचं झाकण उचलून टेबलाच्या या टोकापासून त्या टोकाला नेऊन ठेवलं, इतकं अलगद की झाकणाचा आवाजही झाला नाही. बसताई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या.

त्या दिवसापासून ते रोज क्रेन चालवायचे. काकू मधूनमधून डोकवायच्या. एक गोष्ट त्यांना खटकायची. माणूस कामात असायचा, पण बोलायचा अजूनही नाही. फोन, क्रेन आणि ते. बसताई शेजारी बसून भाजी निवडायच्या. पण हे बोलून दाखवायचं कुणाला? ज्या फोनला नाकं मुरडली त्यानेच हात दिला होता.

मग एक दिवस बसताईंचा फोन आला. "काकू, क्रेन बंद पडली हो."

बंद काही पडलं नव्हतं. ॲपने म्हटलं, मला नवीन करा. बसताईंनी केलं. मग ॲप म्हणालं, तुमचा फोनच जुना आहे, यावर मी चालणार नाही. मोटरी ठणठणीत, पेटी ठणठणीत, दोरा जागच्या जागी, आणि क्रेन मात्र मेल्यासारखी उभी. जुनं ॲप काही केल्या परत मिळेना. जावई म्हणाला, वापरलेला एखादा फोन मी शोधतो, पण वेळ लागेल.

'मी सांगितलं नव्हतं?' असं म्हणायची ही वेळ होती. हे वाक्य काकूंच्या जिभेवर किती दिवस तयार बसलं होतं! पण क्रेनवाल्यांकडे बघून ते त्यांना गिळावं लागलं. खरं म्हणजे त्यांच्या खटक्याने तरी कुठे त्या माणसाचं ऐकलं होतं?

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "पडद्यासारखं हलकं चालणारं बटण असतं का हो कुठे?"

जावई विचार करत होता आणि विचार करता करता त्याचं बोट पिशवीतून काढलेल्या माउसवर टकटक करत होतं. दोघांचंही लक्ष एकदमच तिकडे गेलं.

"आई, हा चांगला चालतोय अजून."

"म्हणूनच हवाय."

माउस खोलला. आत दोन बारीक बटणं होती, फुंकर मारली तरी दबतील अशी. काकूंना तारांचे सांधे नीट दिसेनात, म्हणून कथलाचा डाग त्या देत होत्या आणि भिंग जावई धरत होता. डावं बटण दाबलं की मोटर सुलट, उजवं दाबलं की उलट, सोडलं की थांबली. माउसची शेपटी थेट सेलच्या डबीत. असला माउस एकच, म्हणून मोटरही एकच. क्रेनचा हात वळवायची. हूक वर-खाली करायला काकूंनी जुन्या डब्यातली फिरवायची मूठ बसवली.

"आणि ती कोण फिरवणार?" क्रेनवाल्यांनी विचारलं.

"मी आहे की," बसताई म्हणाल्या.

माउस आडवा करून क्रेनवाल्यांच्या हाताखाली ठेवला. अंगठा एका बटणावर, बोट दुसऱ्यावर. त्यांनी दाबलं आणि क्रेनचा हात एकदम धाडकन वळला. दोऱ्याला लटकलेलं झाकण गरागरा झोके घेऊ लागलं. जावयाचा चेहरा पडला. "यात वेग कमी करता येत नाही. फोनवर करता यायचा."

"थांबा," क्रेनवाले म्हणाले. ते झोक्याकडे बघत होते. झाकण एका बाजूला पुरतं गेलं तसं त्यांनी त्याच बाजूला बटणावर एक टिचकी दिली. क्रेनचा हात इतकासा सरकून नेमका झाकणाच्या डोक्यावर आला, आणि झोका निम्मा झाला. आणखी एक टिचकी. झाकण जागच्या जागी लोंबत राहिलं.

"जुन्या क्रेनला असंच होतं," ते म्हणाले. "एक तर चालू, नाहीतर बंद. भार पळाला की आपण त्याच्या मागे जायचं, ओढायचं नाही." वर्षभरात त्यांनी एका दमात बोललेली ही सगळ्यात मोठी गोष्ट असावी, कारण बसताई हातात मूठ धरून त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"अगं, बघतेस काय? खाली घे. खाली, खाली... बस! बस म्हटलं ना!"

"ओरडू नका, मी काही तुमची मजूर नाही."

"मजूर बरा असता, ऐकला तरी असता."

जावई घाबरून काकूंकडे बघू लागला. काकूंनी त्याला डोळ्यानेच गप्प केलं.

पुढे त्या घरात हे रोजचंच झालं. वर, खाली, बस, थोडं सोड, एवढं नव्हे. शेजारीण एकदा काळजीने येऊन विचारून गेली, सगळं ठीक आहे ना म्हणून. बसताई कामावरून आल्या की चहाच्या आधी मूठ हातात घ्यायच्या. झाकणाच्या जागी चमचे आले, चमच्यांच्या जागी औषधाच्या बाटल्या. क्रेनचा हात टेबलावरून निघून खिडकीच्या कठड्यापर्यंत पोचला. टेबलावर ताट ठेवायला जागा उरली नाही आणि दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली.

महिना-दीड महिन्याने जावयाला फोन मिळाला. नवं ॲप त्यावर चाललं. तो पांढरी पेटी घेऊन आला, काकूही बरोबर होत्या. क्रेनवाल्यांनी अंगठ्याने पडदा सरकवून पाहिला. क्रेनचा हात लोण्यासारखा वळला. त्यांना ते आवडलं, हे लपलं नाही.

"आता हूकही यावरच जोडतो," जावई म्हणाला. "म्हणजे तुम्हाला सगळं एकट्याला जमेल."

बसताईंनी मुठीवरचा हात काढून घेतला. क्रेनवाल्यांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"क्रेनचा हात फोनवर ठेवा," ते म्हणाले. "हूक राहू द्या तसाच."

"पण भाऊ, मोटर आहे ना दुसरी..."

"असू दे. ही ऐकत नाही, पण हाताला बरी आहे."

"अगदीच वाया गेले नाही म्हणायचं," बसताई म्हणाल्या आणि मूठ पुन्हा धरली.

परतताना जावई म्हणाला, "आई, मला वाटलं त्यांना सगळं करता आलं तर बरं वाटेल."

"वाटलंच की. ती वळणं घेताना चेहरा पाहिला नाहीत का?" काकू म्हणाल्या. "माझ्या खटक्याने ते कधी जमलं नसतं. पण एवढा फोन आणून दिलात, तर आता मलाही शिकवा. तो पासवर्ड की काय ते मात्र तुम्हीच घाला."

जावयाने रस्त्यातच थांबून स्वतःचा फोन काढला. काकूंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"वय विचारतंय, आई."

"खरं सांगा," काकू म्हणाल्या. "मग नाही म्हणालं, तर बघून घेऊ."