रोलांदची बस आणि तिबोचा सौदा

रोलांद बुफार आठवडाभर शाळेची मुलं पोचवायची आणि शनिवार-रविवारी गावचा बर्फावरच्या हॉकीचा संघ. दोन्ही गाड्यांत गोंगाट सारखाच, फक्त संघाच्या गाडीत दात कमी, असं ती म्हणायची. बे-दे-झोर्म गावच्या ‘लाकूडतोडे’ संघाची बस ती एकोणीस वर्षं चालवत होती. त्या काळात चार प्रशिक्षक आले-गेले, दोनदा मालक बदलले, खेळाडूंची तर गणतीच नाही. बाई मात्र तीच. पोरं तिला रोलांदमावशी म्हणत.

या मावशीचा एक नियम होता. बसमध्ये बोललेलं बसच्या पायऱ्या उतरून खाली येणार नाही. नियम तिला महागात पडून सुचला होता. दुसऱ्याच वर्षी गोलरक्षकाचा डावा गुडघा दुखतोय, हे तिने सहज बोलता बोलता आपल्या दिराला, ओमेरला सांगितलं. ओमेर म्हणजे नगरपालिकेची बर्फ उपसायची गाडी चालवणारा माणूस. दिवसभरात तो अख्ख्या गावातून फिरायचा आणि जिथे गाडी थांबेल तिथे तोंडही उघडायचा. शनिवारपर्यंत बातमी समोरच्या संघाला पोचली आणि त्यांनी हॉकीची रबरी चकती दर वेळी त्या डाव्या गुडघ्याकडेच हाणली. परतीच्या प्रवासात तो गोलरक्षक बसच्या शेवटच्या बाकावर पाय लांब करून मुसमुसत होता. रोलांदला आरशात ते दिसत होतं. त्यानंतर ओमेरने कितीही खोदून विचारलं तरी ती म्हणायची, “रस्ता निसरडा होता, भावजी. बाकी काही बघितलं नाही.”

त्या जानेवारीत, व्हाल-क्लेरहून परत येताना, एका पंपावर गाडी थांबली. सगळे खायला उतरले. तिबो लांगेविन तेवढा पुढच्या बाकावर बसून राहिला. तिबो तेवीस वर्षांचा, संघाचा सर्वांत जास्त गोल करणारा, गावाच्या गळ्यातला ताईत. पोरींनी त्याच्या नावाचे सदरे शिवून घेतले होते आणि ओमेरने तर कुत्र्याचं नाव बदलून तिबो ठेवलं होतं.

“मावशी, तुमच्याशी बोलायचंय,” तो म्हणाला.

रोलांदने थर्मासमधली कॉफी त्याच्यापुढे धरली.

“माझ्या मेलिसाला सातवा महिना लागलाय. जुळं आहे. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलंय. ती तिकडे व्हाल-क्लेरला एकटी, मी इकडे सहा तास लांब.” त्याने कॉफी घेतली, पण प्यायली नाही. “मी मॅनेजरना सांगितलंय, मला तिकडच्या संघात द्या म्हणून. कुणाला सांगू नका हं. तिच्या घरीसुद्धा हे अंथरुणाचं अजून नीट माहीत नाही.”

“मी कुणाला सांगते?” रोलांद म्हणाली. “पी आधी ती. गार होतेय.”

तीन आठवड्यांनी, गुरुवारी सकाळी, रेडिओवर बातमी आली. तिबो लांगेविन व्हाल-क्लेरला, आणि त्याच्या बदल्यात लाकूडतोड्यांना बचावपटू मायरन दानिलुक. वय अडतीस.

रोलांद मुलांना शाळेत सोडून नोएलाच्या उपाहारगृहात नाश्त्याला पोचली, तेव्हा काचा वाफेने आणि शिव्यांनी भरल्या होत्या. ओमेर उंच स्टुलावर बसला होता आणि त्याच्यापुढचे बीन्स गार झाले होते. यावरूनच प्रकरण किती गंभीर आहे ते कळत होतं.

“अडतीस!” तो ओरडत होता. “अडतीस! त्या वयात मला जिना चढताना धाप लागायची!”

“तुम्हांला चोविसाव्या वर्षीच लागायची,” गल्ल्यामागून नोएला म्हणाली. “एका लग्नात मीच होते तुमच्याबरोबर नाचायला. दुसऱ्या गाण्याला खुर्ची मागितलीत.”

“मस्करी नको, नोएला. आपला हिरा दिला आणि घेतलं काय? भंगार! वहिनी, या, बसा. तुम्ही सांगा. तुम्ही पोराला आरशात दर आठवड्याला बघता. तो जायच्या लायकीचा होता?”

सगळ्यांनी माना वळवल्या. रोलांदने हातमोजे काढले, एकेक बोट सोडवत, वेळ काढत. एका वाक्यात ही सगळी आग विझवता आली असती. पण ते वाक्य तिचं नव्हतं.

“टोस्ट दे गं,” ती नोएलाला म्हणाली, आणि मग ओमेरकडे वळून, “मला विचाराल तर सौदा चांगला आहे.”

एका कोपऱ्यातून कुणाचातरी चमचा पडल्याचा आवाज आला.

“चांगला? तुम्हांला ताप आहे का, वहिनी?”

“गेल्या महिन्यात आपण किती गोल खाल्ले? एकतीस. तिबोने चार करायचे आणि मागच्या पोरांनी पाच सोडायचे. त्या मागच्या पोरांपैकी कुणाला मिशीसुद्धा फुटलेली नाही. त्यांना हाताला धरणारा कुणी नको?”

“हाताला धरायला आजोबा आणायचे?”

“आणायचे. आजोबा घरात असले की पोरं जरा सरळ वागतात.”

बोलायला सुरुवात केली तेव्हा ती फक्त विषय बदलायला बघत होती. पण ओमेरने मॅनेजरला मूर्ख म्हटलं, तेव्हा तिचा आवाज चढला. बचाव म्हणजे काय, आघाडी टिकवायची कशी, शेवटच्या दहा मिनिटांत पोरांचे पाय का लटपटतात, एकोणीस वर्षं आरशात साठवलेलं सगळं तिने बाहेर काढलं. टोस्ट संपेपर्यंत तिला स्वतःलाच ते पटलं होतं.

“मॅनेजरने पगार वाढवला वाटतं वहिनींचा,” ओमेर म्हणाला. लोक हसले. रोलांदही हसली, पण गाडीत बसल्यावर तिने स्टिअरिंगवर हात आपटला.

शनिवारी मायरन दानिलुक पहिल्यांदा गावच्या रिंकच्या बर्फावर उतरला. उंच, वाकलेल्या खांद्यांचा, नाक दोन ठिकाणी मोडलेलं. तो दूरच्या सास्काचेवानचा, गव्हाच्या मुलुखातला. त्या संध्याकाळी समोरची पोरं दोनदा त्याच्या बाजूने वाऱ्यासारखी निघून गेली आणि लाकूडतोडे एकाला पाच असे हरले.

“माझी बर्फाची गाडी याच्यापेक्षा लवकर वळते!” ओमेर उभा राहून ओरडला, आणि अर्ध्या रिंकने टाळ्या वाजवल्या. रोलांद दोन रांगा खाली बसली होती. तिने टोपी कानांवर ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोएलाकडे दार उघडलं आणि खुद्द दानिलुक आत आला. त्याला कुणी सांगितलं नसावं की हे शत्रूचं घर आहे. एकच स्टूल रिकामं होतं, ओमेर आणि रोलांद यांच्या मधलं. तो त्यावर बसला. गावाची भाषा त्याने कुठूनतरी तुकड्यातुकड्यांनी गोळा केली होती.

“नमस्कार. माझी नाव मायरन,” तो म्हणाला. “मला अंडं पाहिजेत. तीन. आणि मोठी कॉफी, कारण मी काल फार वाईट होती.”

कुणी हसलं नाही, कारण हसावं की नाही ते कळेना. शेवटी ओमेरला राहवेना.

“साहेब, राग मानू नका. पण तुम्ही इथे आलात कशाला?”

मायरनने थोडा विचार केला. “मी म्हातारी आहे,” तो शांतपणे म्हणाला. “पण अजून लाकूड तोडती.”

नोएलाला आधी हसू फुटलं. तिच्या हातातली कॉफी बशीत सांडली. मग कोपरा हसला, मग सगळी खोली, आणि मायरनला काय चुकलं ते कळलं नाही तरी तोही पुढचे दोन दात नसलेलं हसू हसला. हसणं ओसरल्यावर त्याने मिठाची बाटली पुढे ओढली.

“हा मी. मीठ. हा मुरंबा, तुमची छोटा पोरगा, पाच नंबर. काल मुरंबा पुढे पळाली. मला माहीत नाही तो पळते. म्हणून भोक.” त्याने बाटली सरकवली. “आठ दिवस द्या. मग मुरंबा पळेल, मीठ थांबेल. भोक नाही.”

ओमेर त्या मिठाकडे बघत राहिला. मग त्याने मिरपुडीची बाटली उचलली. “पण समोरचा इकडून आला तर?”

पाऊण तास दोघं गल्ल्याच्या फळीवर बाटल्यांनी हॉकी खेळत होते. अंडी गार झाली. रोलांदने आपला टोस्ट खाल्ला.

पुढच्या सात सामन्यांतले पाच संघाने जिंकले. ओमेर कबूल करायचा नाही, पण त्याने ओरडणं थांबवलं. बसमध्ये मायरन पाच नंबरच्या पोराशेजारी बसून कागदावर बाण काढायचा. सगळं सुरळीत होतंय असं वाटत असतानाच मॅनेजर रेडिओवर बोलून बसले. कुणीतरी फोन करून त्यांना छळलं आणि ते वैतागून म्हणाले, “अहो, तिबोनेच मागितलं होतं जायला!” का मागितलं ते काही त्यांनी सांगितलं नाही.

गाव पेटलं. आता मॅनेजरवरचा राग तिबोवर आला. ओमेरच्या कुत्र्याला जुनं नाव परत मिळालं. मार्चअखेरीस व्हाल-क्लेरचा संघ इथे खेळायला येणार होता आणि ओमेर अंगणात पलंगाची चादर पसरून लाल रंगात लिहीत होता, ‘पळपुट्या’.

“त्याने काय वाईट केलं आपलं, भावजी?” कुंपणापाशी उभं राहून रोलांदने विचारलं.

“मन मोडलं,” ओमेर म्हणाला. तो ब्रश बुडवत होता आणि मस्करी करत नव्हता. “सांगून जायचं ना. निदान सांगायचं.”

रोलांद घरी आली. नवऱ्याने, लेआंद्रने, जेवण वाढलं. त्याला हॉकीतलं ओ की ठो कळायचं नाही. तो मधमाश्या पाळायचा.

“तुझा चेहरा असा का?” त्याने विचारलं.

“दुसऱ्याची वस्तू सांभाळतेय. जड झालीय.”

“मग ज्याची त्याला परत कर,” लेआंद्र म्हणाला आणि मधाची बाटली तिच्याकडे सरकवली.

तिने जेवण अर्धवट टाकलं आणि फोन उचलला. तिकडून तिबोचा आवाज येण्याआधी दोन रडण्याचे आवाज आले.

“मावशी! मंगळवारी झाल्या! दोन्ही मुली! मेलिसा छान आहे. मी चार दिवस झोपलो नाही.”

डोळे पुसून रोलांद म्हणाली, “अरे, मग हे मी आता सांगू का? इथे चादरी रंगवतायत तुझ्या नावाने.”

“सांगा की! सगळ्यांना सांगा. तुम्ही अजून सांगितलं नव्हतं?”

“मी कुणाला सांगते?” असं म्हणून ती पहिल्यांदाच खळखळून हसली.

शनिवारी सकाळी ती नोएलाकडे गेली, उभी राहिली आणि सगळं सांगितलं. पंप, कॉफी, अंथरुणाला खिळलेली मुलगी, सहा तासांचं अंतर, मंगळवार.

“म्हणजे,” ओमेर हळूहळू म्हणाला, “मी त्या गुरुवारी इथे बसून ओरडत होतो, तेव्हा तुम्हांला हे माहीत होतं?”

“होतं.”

“आणि तुम्ही मला मिशी न फुटलेल्या पोरांबद्दल भाषण दिलंत.”

“ते खरंच होतं, भावजी.”

ओमेरने तोंड पुसलं, उठला आणि जॅकेट चढवलं. “कुठे चाललात?” नोएलाने विचारलं. “चादर धुवायला,” तो म्हणाला.

रंग धुतला गेला नाही. संध्याकाळी रिंकमध्ये चादर उलट्या बाजूने टांगलेली होती. मागून गुलाबी डाग दिसत होते आणि त्यांच्यावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘बापाचं अभिनंदन’. तिबो बर्फावर आला तेव्हा अख्खा रिंक उभा राहिला. त्याने काठी वर केली, खाली बघितलं, बराच वेळ खालीच बघितलं. मग सातव्या मिनिटाला त्याने गोल मारला, आणि त्याच लोकांनी त्याला घसा बसेपर्यंत शिव्या घातल्या. शेवटच्या मिनिटाला तो पुन्हा एकटा गोलकडे सुटला, पण मायरन आडवा पडला. चकती त्याच्या बरगडीवर लागली आणि लाकूडतोडे तिनाला दोन असे जिंकले.

सामन्यानंतर खेळाडूंच्या दारापाशी तिबोने फोनवर मुलींचे फोटो दाखवले. ओमेरने चष्मा लावून खूप वेळ बघितलं.

“यातली थोरली कोण?”

“डावीकडची. चार मिनिटांनी.”

“शहाणी दिसते,” ओमेर म्हणाला. फोन परत देताना त्याने रोलांदकडे बघितलं. “तरी सांगतो, वहिनी, सौदा चुकलाच.”

बरगडीवर बर्फाची पिशवी धरून मायरन मागून येत होता. “बरोबर,” तो म्हणाला. “एक माणूस दिली, आणि तिकडे तीन झाली.”