मल्हारीचा काळा चष्मा

मल्हारी तीस वर्षं माकडांच्या केंद्रात कामाला आहे. केंद्र शिरूरच्या बाहेर, न्हावऱ्याच्या रस्त्याला. तो आणि त्याची बायको भागुबाई माझ्या घरामागच्या दोन खोल्यांत राहत.

केंद्रातल्या डॉक्टर अनुपमा म्हाताऱ्या माकडांच्या मेंदूचा अभ्यास करतात. वय झालं की त्यांच्याही मेंदूत माणसाच्या अल्झायमरसारखं काही साचतं. मग ती किती विसरतात, हे त्या तपासतात. रीत साधी आहे. दोन उपड्या वाट्या, माकडाच्या डोळ्यांदेखत एकीखाली शेंगदाणा ठेवायचा. पडदा ओढायचा, अर्धं मिनिट थांबायचं, पडदा उघडायचा. बरोबर वाटी उचलली तर शेंगदाणा माकडाचा. असं वीस वेळा. मांडणाऱ्यानं नजर खाली ठेवायची.

मांडणारा मल्हारी. झुंबर नावाची सत्तावीस वर्षांची माकडीण त्याची लाडकी. विसांत अठरा वेळा तिचं बरोबर येई. भागुबाई म्हणायची, "माझ्यापरास तिचंच कवतिक. आणा की तिलाच घरी, भाकरी थापंल."

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत भागुबाईनं करंज्यांत सारणाऐवजी कोरडे तांदूळ भरले. पुढे एकदा भर दुपारी ती एसटी स्टँडवर सापडली, अनवाणी. माहेरी, पाटसला निघाली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. त्यांची मुलगी ज्ञानेश्वरी दौंडला असते. ती आईला न्यायलाच आली.

"आबा, तुम्ही ड्युटीला जाणार. गॅस कोण बघणार?"

"तिला समदं कळतंय," मल्हारी म्हणाला आणि घरातल्याच दोन वाट्या त्यानं पालथ्या घातल्या. पडद्याऐवजी मध्ये सूप धरलं. विसांत सतरा बरोबर आले.

"बघ. झुंबरच्या बरोबरीची हाय."

ज्ञानेश्वरी हसली नाही. ठरलं असं की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वाट्या मांडायच्या. पंधराच्या खाली गेलं की आई दौंडला. नोंद मी ठेवायची, कारण माझी रोजनिशीची वही रोज उघडते.

अकरा महिने सतरा, अठरा, सोळा असंच येत गेलं. त्याच महिन्यांत भागुबाई माझं नाव विसरली, मग लेकीचं. मला हे जुळत नव्हतं. पण आकडे माझ्याच हातचे होते, म्हणून मी गप्प राहिले.

फेब्रुवारीत एका मंगळवारी मल्हारी दुपारीच घरी आला. माझ्या पायरीवर बसला. खिशातून काळा चष्मा काढून त्यानं मांडीवर ठेवला.

"मावशी, मॅडमनी माझाच व्हिडिओ दावला. मी खाली बघतो, आन् मधीच शेंगदाण्याच्या वाटीकडं बघतो. दर टायमाला. मला ठावंच न्हाई."

"मग?"

"झुंबर माझं डोळं वाचायची. आता हा घालून मांडायचं म्हणं. आज घातला. विसांत नऊ." चष्म्याच्या काड्या मिटत तो म्हणाला, "तिला काईच आठवत न्हाई, मावशी."

तो झुंबरबद्दल बोलत नव्हता. मी म्हटलं, "ज्ञानेश्वरीला चष्म्याचं माहीत नाही. रविवारी घालू नकोस."

हे मी म्हटलं. वहीत आहे.

"न घालून काय? गॅस पेटवाया तिला कुणाचं डोळं घावनार?"

रविवारी त्यानं चष्मा घातला. ज्ञानेश्वरी म्हणाली, "आबा, घरात गॉगल? लग्नाला निघालात का?" त्यानं वाट्या पालथ्या घातल्या. पहिल्या सहांत चार चुकले. भागुबाई चुकली की वाट्यांकडे बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडे बघत होती. सातव्या वेळी सूप बाजूला झालं तशी ती पुढे वाकली, दोन्ही हातांनी त्याचा चष्मा उतरवला आणि सतरंजीवर ठेवला. त्यानं डोळे मिटायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तिनं उजवीकडची वाटी उचलली आणि शेंगदाणा त्याच्यापुढे धरला.

"बरोबर आलं की," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"ते माझं हाय, तिचं न्हाई," मल्हारी म्हणाला. "मावशी, ह्यो धरू नका. तिची लुगडी भर, ज्ञानेश्वरी."

सातव्याचा रकाना मी रिकामा ठेवला. पुढचे तेरा कुणी मांडले नाहीत.

सोमवारी सकाळी मायलेकी दौंडच्या गाडीत बसल्या. भागुबाई खिडकीशी होती. आभाळ भरलेलं होतं, ऊन नव्हतं, तरी मल्हारीनं चष्मा घातला होता. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बसायचं की उतरायचं, हे तिला तिथूनच कळायचं होतं. गाडी निघाली तेव्हा ती अर्धवट उठलेली होती.